भोकर कुलातलं भोकर

मराठी वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत बोरॅजिनेसी या कुलाला 'भोकर कुल' म्हणण्याचा प्रघात आहे. ज्या बोरागो नावाच्या युरोपीय वनस्पतीवरून लॅटिन नाव पडलं, ती आपल्या रानात उगवत नाही. भोकर मात्र गावोगाव आहे, त्याचं लोणचं घालतात, टपोऱ्या डोळ्यांना त्याचीच उपमा देतात. मराठी लेखकांनी कुलाची ओळख घरच्या झाडावरून करून दिली, हे समंजसपणाचंच होतं. पण २०१६ साली या कुलाच्या अभ्यासकांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने त्याची फेरमांडणी केली आणि एका कुलाच्या जागी अकरा कुलं सुचवली. भोकर ज्या कॉर्डिया वंशातलं, तो वंश त्या मांडणीत बोरॅजिनेसीतून निघून स्वतंत्र कॉर्डिएसी कुलात गेला. म्हणजे ही मांडणी मानली तर भोकर कुलात भोकरच उरत नाही. वर्धा जिल्ह्यात या कुलातल्या रानटी वनस्पती मोजक्याच आहेत, पण नव्या हिशेबाने त्यांचीही पाच कुलांत पांगापांग होते. जैवविविधता कायदा, २००२ नुसार गावोगावच्या समित्यांनी लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची आहे. तिच्यात गावच्या नावाशेजारी शास्त्रीय नाव हवं, आणि शास्त्रीय यादी म्हटली की कुलही आलंच. सेलू किंवा आष्टी तालुक्यातल्या एखाद्या गावाने तिथे काय लिहावं? या लेखातलं उत्तर असं आहे की कुलाची जुनी, ऐसपैस चौकट ठेवावी. वंश आणि जाती यांच्या पातळीवरचे जे बदल पुराव्याने भाग पाडतात ते मात्र बिनतक्रार घ्यावेत. ही दोन टोकांतली तडजोड नव्हे. नावं दोन अगदी वेगळ्या कारणांनी बदलतात, आणि ती कारणं एकमेकांत मिसळल्यामुळेच या प्रश्नाचा गुंता झाला आहे.

आधी मंडळी कोण ते पाहू. वर्ध्याची जमीन बहुतेक काळी, खाली दख्खनचा कातळ. उत्तरेला आष्टी-कारंजाच्या बाजूने टेकड्या, सेलू तालुक्यात बोरचं पानझडी जंगल (१९७० पासून अभयारण्य, २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प), पश्चिमेच्या सीमेवर वर्धा नदी आणि मधल्या भागातून धाम, बोर, वेणा. या मुलखात धुऱ्यावर, पडीत वावरात आणि रस्त्याच्या कडेला पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत दिसणारा छोटा कल्पा, म्हणजे ट्रायकोडेस्मा इंडिकम, हा या कुलाचा अस्सल प्रतिनिधी. गुडघाभर उंचीचं झाड, अंगाला हात लावला तर खरखरीत. प्रत्येक केसाच्या बुडाशी एक बारीक पुटकुळी असते, खरखर तिची. फूल फिकट निळं, पुढे गुलाबी-पांढरं होणारं, आणि मान खाली घातलेलं. संस्कृतातलं अधःपुष्पी हे नाव त्यावरूनच आलं. फूल उलटं करून भिंगाखाली धरलं तर मधोमध पाच परागकोशांचा सुळका दिसतो. त्यांची टोकं दोरीला पीळ द्यावा तशी एकमेकांत वळलेली असतात आणि पाठीवरच्या लवेने ते पाचही एकत्र बांधलेले असतात. रॉबर्ट ब्राउनने १८१० साली या वंशाला दिलेल्या ग्रीक नावात हीच केसांची बांधणी आहे. हिरव्या निदलपुंजाच्या पाकळ्यांना बुडाशी कानासारखी टोकं असतात. ती दिसली की छोटा कल्पा. तशीच एखादी वनस्पती पण निदलाला कान नाहीत आणि पानं देठाकडे निमुळती, तर ती ट्रायकोडेस्मा झेलॅनिकम.

बाकीची मंडळी दिसायला इतकी निराळी आहेत की त्यांना एका कुलातली म्हणणं नवख्याला पटणार नाही. भुरुंडी, हेलिओट्रोपियम इंडिकम, नाल्याकाठी आणि उकिरड्याच्या ओलाव्यावर वाढते. तिचा फुलोरा हत्तीच्या सोंडेसारखा टोकाशी गुंडाळलेला असतो आणि एकाच बाजूला दोन ओळींत फुलं उमलत तो उलगडत जातो. तलाव आटला की त्याच्या भेगाळलेल्या पोटात तिच्याच नात्यातली लहान, करड्या लवेची झुडपं पसरतात. त्रिपक्षी, म्हणजे कोल्डेनिया प्रोकम्बेन्स, अशाच आटलेल्या गाळावर आणि पूर्व विदर्भात धान कापल्यावर रिकाम्या झालेल्या बांधीत जमिनीला चिकटून पसरते. पानं चुरगळल्यासारखी, कडा दातेरी, बुडाशी दोन्ही बाजू असमान, आणि फुलाचे भाग पाचांऐवजी बहुधा चार. मग झाडं. भोकर, म्हणजे कॉर्डिया डायकोटोमा. दहिवन किंवा दहिपळस, म्हणजे कॉर्डिया मॅकलिओडाय, ज्याच्या पानावर काडीने ओढलेली रेघ थोड्या वेळाने गडद उमटते असा लौकिक आहे. आणि दातरंग, म्हणजे एहरेशिया लिव्हिस, ज्याला विदर्भात खंडूचक्का म्हणतात आणि ज्याचा पाला जखमेवर व मोडलेल्या हाडावर बांधतात.

या सगळ्यांना एकमेकांपासून वेगळं करणारी खूण फुलाच्या आत, कुक्षिवृंतापाशी आहे. भोकराच्या फुलात तो वृंत एकदा दुभंगतो आणि त्याच्या दोन्ही फांद्या पुन्हा दुभंगतात, म्हणजे टोकाला चार कुक्षी. दातरंगात तो एकदाच दुभंगतो. भुरुंडीत तो जवळजवळ नाहीच. वर एक शंकूसारखी कुक्षी बसलेली असते. छोट्या कल्प्यात मात्र वृंत अंडाशयाच्या डोक्यावरून न निघता चार कप्प्यांच्या मधल्या खळग्यातून, बुडापासून वर येतो, आणि फळ पिकल्यावर चार सुट्या कठीण बिया मागे राहतात. ही शेवटची रचना तुळशीच्या कुलातही आहे. त्यामुळे कितीतरी काळ ही दोन कुलं सख्खी मानली गेली. डीएनएच्या पुराव्याने ते नातं फेटाळलं. दोघांनी ही रचना स्वतंत्रपणे मिळवली. बाह्य खुणेवरून नातं ठरवणं किती धोक्याचं, याचं याहून चांगलं उदाहरण शोधायला वर्ध्याच्या बाहेर जावं लागत नाही.

आता इतिहास. तो थोडा लांबवतो, कारण २०१६ ची फाळणी जितकी नवी वाटते तितकी ती नाही. लिनिअसने १७५३ साली आपल्या छोट्या कल्प्याला थेट बोरागो वंशातच घालून बोरागो इंडिका म्हटलं होतं. १७८९ मध्ये आंत्वान लोरां द जुस्यूने कुलं मांडली तेव्हा रसाळ फळाची कॉर्डिया आणि एहरेशिया त्याने याच कुलात घेतली. पुढच्या चाळीसेक वर्षांत वारं फिरलं. हेलिओट्रोपिएसी, एहरेशिएसी, कॉर्डिएसी ही नावं, जी आज नवी म्हणून सांगितली जातात, ती एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांतलीच आहेत. त्यानंतर बेंथॅम आणि हूकर यांनी १८७० च्या दशकात पुन्हा सर्वांना एका छताखाली आणलं आणि आतल्या गटांना पोटविभाग केलं. सी. बी. क्लार्कने हूकरच्या 'फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया'च्या चौथ्या खंडात तोच क्रम पाळला. भारतातली महाविद्यालयं आणि बहुतेक वनस्पतिसंग्रहालयं अजूनही बेंथॅम-हूकरच्या क्रमाने चालतात, आणि मराठीतलं भोकर कुल हे त्याच परंपरेचं अपत्य. म्हणजे सव्वादोनशे वर्षांत हे कुल जोडलं गेलं, तोडलं गेलं, जोडलं गेलं आणि आता पुन्हा तोडलं जात आहे. गट तेच राहिले. त्यांना कुल म्हणावं की उपकुल, एवढ्यावरच पिढ्यानपिढ्या वाद झाला.

रेण्वीय अभ्यासाने या जुन्या वादात खरी भर घातली ती वेगळीच. फुला-फळांवरून जी नाती नुसती ताडली जात होती, ती डीएनएच्या क्रमावरून तपासता आली. हे काम सोपं नव्हतं. सपुष्प वनस्पतींच्या वर्गीकरणासाठी एकत्र आलेल्या अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुपच्या २००९ च्या मांडणीत बोरॅजिनेसीला कुठल्या गणात बसवावं हेच ठरलं नव्हतं. कुल होतं, पण गण नव्हता. २०१६ मध्ये त्याच गटाने बोरॅजिनेलिस हा गण मान्य केला आणि त्यात एकच मोठं बोरॅजिनेसी कुल ठेवलं. त्याच वर्षी फेदेरिको ल्युबर्ट आणि त्याचे सहकारी, म्हणजे बोरॅजिनेलिस वर्किंग ग्रुप, यांनी 'टॅक्सॉन' या नियतकालिकात तोच गण अकरा कुलांत विभागला. दोन्ही गटांपुढे पुरावा जवळजवळ एकच होता. सुमारे २७०० जातींच्या या पसाऱ्यात कोण कोणाचा जवळचा, यावर मोठं मतांतर नाही. भावकीत वाटणी झाली म्हणून कुणी कुणाचा चुलता होणं थांबत नाही, फक्त सातबारे वेगळे होतात. इथे वाद सातबाऱ्यांचा आहे.

नावांतल्या बदलांची दोन कारणं म्हटली ती इथे वेगळी करता येतात. एका प्रकारात जुना गट खोटाच निघतो: ज्यांना आपण एकत्र ठेवलं ते एका पूर्वजाचे सगळे वंशज नाहीत, मधला एखादा बाहेर राहिला आहे किंवा परका आत शिरला आहे. तिथे नाव बदलण्यावाचून इलाज नसतो. दुसऱ्या प्रकारात जुना गट खरा असतो आणि त्याच्या आतले गटही खरे असतात. प्रश्न फक्त कोणत्या पातळीला कोणती पदवी द्यायची, हा. तिथे पुरावा निर्णय देत नाही, माणसं देतात. आपल्या जिल्ह्यापुरते या दोन्हींचे नमुने हाताशी आहेत. पहिला, हायड्रोलिया झेलॅनिका ही पाणथळ जागी वाढणारी, सुंदर निळ्या फुलांची वनस्पती. क्लार्कच्या काळी ती हायड्रोफिलेसी कुलात होती, आणि आज ते कुल बोरॅजिनेसीचं निकटचं किंवा व्यापक मांडणीत त्याच्या पोटातलंच मानलं जातं. पण हायड्रोलिया स्वतः तपासणीत वांग्या-बटाट्याच्या गणातली निघाली आणि तिचं हायड्रोलिएसी हे वेगळं कुल झालं. तिला बोरॅजिनेसीच्या यादीत ठेवणं आता चूक आहे. यात मताचा प्रश्न नाही.

दुसरा नमुना त्रिपक्षीचा, आणि तो सगळ्यांत रंगतदार आहे. कोल्डेनिया हे नाव लिनिअसने न्यूयॉर्कच्या कॅडवॉलडर कोल्डेनच्या सन्मानार्थ दिलं. कोल्डेन तिकडचा प्रशासक आणि हौशी वनस्पतिज्ञ, वनस्पती मात्र सिलोन-हिंदुस्थानातली. पुढे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या वाळवंटातली जमिनीलगतची बरीच झुडपं दिसायला सारखी म्हणून याच वंशात घातली गेली, म्हणजे नावाच्या मालकाच्या खंडातली झाडं नंतर त्या नावाखाली आली! ए. टी. रिचर्डसनने १९७७ मध्ये ती अमेरिकन मंडळी टिक्विलिया वंशात नेली, आणि पुढे डीएनएनेही तेच सांगितलं: ती दातरंगाच्या बाजूची आहेत, त्रिपक्षी भोकराच्या बाजूची. कोल्डेनियात उरली ती एकटी कोल्डेनिया प्रोकम्बेन्स. इथपर्यंतचा बदल पहिल्या प्रकारचा, म्हणून निमूटपणे मानायचा. पण त्यानंतर २०१६ मध्ये या एका जातीसाठी कोल्डेनिएसी हे स्वतंत्र कुल उभारलं गेलं. हा बदल दुसऱ्या प्रकारचा. त्रिपक्षी भोकराच्या फांदीची शेजारीण आहे, हे दोन्ही मांडण्यांना मान्य आहे. तिला स्वतंत्र कुल दिल्याने तिच्याबद्दल नवं काहीच कळत नाही. एक कुल, एक वंश, एक जाती: तिन्ही नावांचा अर्थ एकच असेल तर त्यांतली दोन नावं निव्वळ ओझं आहेत. अकरांपैकी चार कुलांत प्रत्येकी एकच वंश आहे, हे लक्षात घेतलं म्हणजे ही अडचण त्रिपक्षीपुरती नाही हे कळतं.

तिसरा नमुना भुरुंडीच्या भाऊबंदांचा. आटलेल्या तलावातली ती करडी झुडपं आपल्या सगळ्या जुन्या पुस्तकांत हेलिओट्रोपियम ओव्हॅलिफोलियम, हेलिओट्रोपियम स्ट्रायगोसम अशा नावांनी आहेत. २००३ मध्ये हिल्गर आणि डियाने या अभ्यासकांनी दाखवलं की या गटाचा सर्वांत जवळचा नातलग भुरुंडी नव्हे, तर मायरिओपस नावाच्या अमेरिकन वेली-झुडपांचा वंश आहे. मग भुरुंडी आणि ही झुडपं एका वंशात ठेवून मायरिओपसला बाहेर ठेवणं खोटं ठरतं. म्हणून त्यांना युप्लोका हा वंश मिळाला: युप्लोका ओव्हॅलिफोलिया, युप्लोका स्ट्रायगोसा. यांतल्या बहुतेक जाती ज्वारीप्रमाणे सी-४ पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करतात, भुरुंडी करत नाही. कडक उन्हात, सुकलेल्या गाळावर त्यांचा जम का बसतो ते यातून बऱ्यापैकी उलगडतं. अर्थात पुढच्या अभ्यासांनी हेही दाखवलं की युप्लोकातली प्रत्येक जाती सी-४ नाही, तेव्हा वंशाचा पाया तो गुण नव्हे, वंशावळ आहे. कुणी म्हणेल, तुम्ही कुलाच्या पातळीवर नवं नाकारता आणि वंशाच्या पातळीवर घेता, हा दुटप्पीपणा झाला. तसं नाही. कसोटी दोन्हीकडे तीच: जुना गट टिकतो का? हेलिओट्रोपियमचा टिकला नाही. भोकर कुलाचा टिकतो.

टिकतो, पण एका अटीवर, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. बेंथॅम-हूकरचं भोकर कुल जसंच्या तसं टिकत नाही. हायड्रोफिलेसी हे बहुतांशी अमेरिकेतलं कुल डीएनएच्या वृक्षात भोकर, दातरंग, भुरुंडी आणि कल्पा यांच्या फांद्यांच्या मध्येच येऊन बसतं. म्हणजे व्यापक कुल ठेवायचं तर त्यांनाही आत घ्यावं लागतं. अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुपने तेच केलं आहे. विभाजनाच्या बाजूचे अभ्यासक यावर बोट ठेवून म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं वजनदार आहे, की अशा कुलाची एकही ठाम खूण सांगता येत नाही: कुठे बोंड, कुठे रसाळ आठळीचं फळ, कुठे चार सुट्या बिया, कुठे वृक्ष, कुठे गाळावरची वेल, अमेरिकेत तर हिरवं पान नसलेल्या परोपजीवीसुद्धा. उलट अकरा कुलांपैकी प्रत्येकाची ओळख फुलावरून पटते. हे खरं आहे. पण ज्या खुणांनी कॉर्डिएसी ओळखायचं त्याच खुणांनी भोकराचं उपकुलही ओळखता येतं. दोनदा दुभंगलेला वृंत पदवी पाहून दुभंगत नाही. शिवाय वर्ध्यात हायड्रोफिलेसीतलं रानटी कुणी नाहीच. इथल्या माणसाला भोकर कुल म्हणजे जे पूर्वी होतं तेच राहतं. विभाजन स्वीकारलं तर मात्र मराठीची कुचंबणा होते. भोकर कुल म्हणजे कॉर्डिएसी म्हणायचं, की जुन्या पुस्तकांतलं बोरॅजिनेसी? आणि बोरॅजिनेसीला मग मराठीत काय म्हणायचं, कल्पा कुल? लॅटिन कुलनावांना आंतरराष्ट्रीय संहिता आहे, नाव बोरागोशी कायमचं बांधलेलं आहे. मराठी नावाला तसा कायदा नाही, वापर हाच त्याचा आधार. तो वापर मोडून एकाच नावाचे दोन पुस्तकांत दोन अर्थ करून ठेवायचे असतील तर त्यासाठी पदवीच्या वादापेक्षा भक्कम कारण हवं.

असं कारण आहे, असा एक आक्षेप औषधाच्या बाजूने येतो, आणि आयुर्वेदाची महाविद्यालयं असलेल्या जिल्ह्यात तो ऐकलाच पाहिजे. या कुलातल्या काही वनस्पतींत पायरोलिझिडीन अल्कलॉइड असतात, आणि त्यांतली काही यकृताला घातक आहेत. १९७० च्या दशकात अफगाणिस्तानच्या हेरात भागात गव्हात हेलिओट्रोपियमचं बी मिसळून लोकांना यकृताचा गंभीर आजार झाला. भुरुंडीतल्या इंडिसिनच्या एन-ऑक्साइड रूपाची अमेरिकेत कर्करोगावर चाचणी झाली, पण यकृताच्या विषबाधेने ती गुंडाळावी लागली. ही द्रव्यं मुख्यतः भुरुंडी आणि कल्पा यांच्या फांद्यांत आढळतात. भोकराचं लोणचं पिढ्यानपिढ्या खाल्लं जातं. मग सगळ्यांना एकच कुल म्हणून शिकवणं धोक्याचं नाही का? दोन उत्तरं आहेत. एक म्हणजे इशारा उपकुलाच्या नावानेही तितकाच स्पष्ट देता येतो. म्हणूनच नोंदवहीत भोकर कुल एवढंच न लिहिता पुढे गटही लिहायला हवा. दुसरं, आणि जास्त महत्त्वाचं, विष कुलाच्या सीमा पाळत नाही. त्याच दशकात आपल्या शेजारच्या, तेव्हाच्या मध्य प्रदेशातल्या सरगुजा जिल्ह्यात गोंदली या भरड धान्यातून अगदी याच प्रकारची विषबाधा झाली, आणि तिथलं दोषी बी क्रोटालेरियाचं होतं, म्हणजे तुरीच्या कुलातलं. कुलाचं नाव ही सुरक्षिततेची हमी समजणं चूक, मग ते कुल कितीही लहान कापलेलं असो. औषध वापरणाऱ्याला जातीचीच ओळख हवी, आणि ती पक्की हवी.

इथेच अगदी उलट दिशेचा आक्षेप उभा राहतो: मग ही लॅटिनची उठाठेव हवीच कशाला, गावाला आपली झाडं ओळखता येतात की. येतात, आणि नुसत्या पानावरून, फुलाशिवायही येतात. कित्येक पदवीधरांना ते जमत नाही. अडचण ओळखीची नाही, एका गावाचं नाव दुसऱ्या गावात पोचण्याची आहे. विदर्भातला खंडूचक्का, इतरत्र दातरंग आणि आळंदीला ज्ञानेश्वरांच्या समाधीपाशी अजानवृक्ष, हे एकच झाड आहे हे एहरेशिया लिव्हिस या नावाशिवाय सांगता आलं नसतं. वर्धा परिसरातल्या अभ्यासकांनी इंग्रजी शोधनिबंधांतही खंडूचक्का हे नाव ठेवलं आहे ते योग्यच केलं. शेजारी लॅटिन असल्यामुळेच ते वाचणाऱ्याला कळतं. याची दुसरी बाजू जास्त त्रासाची आहे. गावजबान नावाने बाजारात जे मिळतं ते कुठे हिमालयातलं ओनोस्मा असतं, कुठे परदेशी बोरागो, आणि कल्प्यालाही कुठे कुठे तेच नाव आहे. पाषाणभेद म्हणून उत्तरेत बर्जेनिया देतात, दक्षिणेत नदीच्या खडकांत वाढणारं रोट्युला ॲक्वॅटिका. यातलं रोट्युला भोकर कुलातलं, बर्जेनियाचा या कुलाशी संबंधच नाही. इंग्रजी नावं याहून बरी असतील असं समजू नये: 'इंडियन बोरेज' हे नाव छोट्या कल्प्यालाही आहे आणि कुंडीत लावतात त्या पानओव्यालाही, जो तुळशीच्या कुलातला. लोकांनी दिलेलं नाव वापराला चिकटतं. दोन झाडांचा उपयोग एक असला की नावही एक होऊ शकतं. शास्त्रीय नाव एका जपून ठेवलेल्या नमुन्याला चिकटतं, उपयोग बदलला तरी ते हलत नाही. दोघांचं काम वेगळं आहे, म्हणून नोंदवहीत दोन्ही रकाने हवेत आणि एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये.

जातीच्या पातळीवर मात्र वर्ध्यात काम बाकी आहे. थिओडोर कुकची 'फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे' पश्चिम महाराष्ट्राच्या अभ्यासकाला शंभर वर्षं पुरली, पण वर्धा तेव्हा मध्य प्रांतात असल्याने तिच्या कक्षेतच नव्हता. पुढे एन. आर. उगेमुगे यांनी नागपूर जिल्ह्याची वनस्पतिसूची १९८६ मध्ये दिली, कार्तिकेयन आणि आनंदकुमार यांनी १९९३ मध्ये यवतमाळची, आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या महाराष्ट्र खंडांपैकी द्विदलांचा दुसरा खंड २००१ मध्ये आला. वर्ध्याचा माणूस पूर्वेला नागपूर आणि दक्षिणेला यवतमाळ अशा दोन पुस्तकांच्या मधोमध उभा आहे आणि दोन्हींत युप्लोका हा शब्द नाही. नुसती जुनी नावं नव्या नावांत बदलून घेतल्याने भागत नाही, कारण काही ठिकाणी जुनं नावच चुकीच्या झाडाला लागलेलं असू शकतं. भोकराचंच पाहा. जुन्या भारतीय ग्रंथांत ते सर्रास कॉर्डिया मिक्सा म्हणून आहे. ते नाव लिनिअसचं, १७५३ चं. आज आपल्याकडच्या सामान्य भोकराला फॉर्स्टरने १७८६ मध्ये दिलेलं कॉर्डिया डायकोटोमा हे नाव लावतात आणि मिक्सा ही वेगळी जाती मानतात. तेव्हा जुन्या यादीत मिक्सा दिसलं की ते डायकोटोमा असं डोळे मिटून लिहिता येणार नाही. त्या यादीमागचा वाळवलेला नमुना पाहावा लागेल. खंडूचक्क्याचं तेच. गुळगुळीत पानाचं एहरेशिया लिव्हिस आणि लवदार, खरखरीत पानाचं एहरेशिया ॲस्पेरा या दोन जाती की एकाच जातीचे दोन प्रकार, यावर पुस्तकांत एकमत नाही, आणि ज्या पाल्यावर औषधाचे प्रयोग चालले आहेत तो यातला कोणता, हे नुसत्या खंडूचक्का या नावावरून कळत नाही. अगदी छोट्या कल्प्याच्या नावापुढेही कुठे ब्राउनचं नाव लागतं, कुठे लेमानचं, पण ती भांडणं ग्रंथपालांची. वनस्पती एकच असल्याबद्दल शंका नाही, तेव्हा ती आपण सोडून द्यावीत.

मग नोंद कशी दिसावी? त्रिपक्षीची घेऊ: गावचं नाव, कोल्डेनिया प्रोकम्बेन्स, भोकर कुल, भोकराच्या शेजारचा गट, काही ग्रंथांत कोल्डेनिएसी, कोणत्या तलावाच्या गाळात आणि कोणत्या महिन्यात मिळाली, नमुना कुठे ठेवला. आजवरच्या बहुतेक याद्यांत पहिले दोन रकाने भरलेले दिसतात आणि शेवटचा कोरा. वर्गीकरणाच्या दृष्टीने महत्त्व उलट क्रमाने आहे. कुल पुढेमागे पुन्हा जोडलं जाईल किंवा तोडलं जाईल, युप्लोकाचंही नाव कदाचित बदलेल. नमुना जपलेला असेल तर प्रत्येक वेळी नवं नाव लावता येतं, नसेल तर जुनं नावसुद्धा तपासता येत नाही. असे नमुने पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागात, १९५५ पासून चालत आलेल्या संग्रहात, जाऊ शकतात, आणि एक प्रत जिल्ह्यातल्याच एखाद्या महाविद्यालयात राहू शकते. सुरुवात लिव्हिस-ॲस्पेराच्या जोडीपासून करावी. खंडूचक्का पावसाळ्यात नव्हे, फुला-फळांच्या दिवसांत गोळा करावा, आणि प्रत्येक नमुन्यासोबत ज्या झाडाचा पाला खरोखर जखमेवर बांधला जातो त्याच झाडाची फांदी असावी.